फुकटे श्रोते की फसलेले?

संपादक महोदय,

ॲपवर फुकट गाणी ऐकणारे कलावंताच्या पोटावर पाय देतात, हे आपल्या एका वाचकाचे पत्रातले मत एकांगी वाटले. जाहिराती आम्ही सोसतोच, आणि त्यांचा पैसा कंपनीला मिळतोच की! उलट बहुतेक ॲप सगळ्यांची वर्गणी एकत्र करून एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटतात. म्हणजे मी वर्गणी भरून महिनाभर वऱ्हाडी भजने ऐकली, तरी माझ्या पैशाचा मोठा वाटा हिंदी सिनेगीतांकडे. त्यापेक्षा आमच्या गावच्या दादा हयात कलंदरांच्या दर्ग्याच्या उरुसात कव्वालाच्या हातावर ठेवलेली नोट सरळ त्याच्या खिशात जाते. शिवाय वर्गणी भरून गाणे आपले होते थोडेच! वर्गणीवर चालणारे ‘रेसो’ हे गाण्यांचे ॲप ३१ जानेवारी २०२४ रोजी भारतात बंद झाले. त्यावर जमवलेल्या याद्यांचे काय झाले, हे पत्रलेखकाने सांगावे.

— एक वाचक, मंगरूळपीर (जि. वाशिम)