पुडीचा नफा कंपनीला, कचरा आमच्या भगिनींना!

वस्तू वापरून झाल्यावर तिचे काय होणार, हे ती बाजारात येण्याआधीच कंपनीच्या कचेरीत ठरलेले असते. तेथे आवरणाचा निर्णय घेणाऱ्यांना कचऱ्याच्या ढिगाऱ्यात हात घालावा लागत नाही. तो घालावा लागतो आमच्या माणसांना.

पाण्याची बाटली आणि शाम्पूची पुडी यांतील फरक पाहा. बाटली भंगारवाला किलोवर विकत घेतो, कारण ती वितळवून पुन्हा वापरता येते. पुडीत मात्र वेगवेगळ्या प्लास्टिकचे, अनेकदा ॲल्युमिनियमचेही, थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही, म्हणून भंगारात तिला भाव नाही. कचरावेचक भगिनी ती निवडून बाजूला काढते. त्या श्रमाचा तिला छदामही मिळत नाही.

सरकारला हे ठाऊक नव्हते काय? होते! २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत पुनर्प्रक्रिया न होणारे बहुथरी प्लास्टिक दोन वर्षांत बंद करण्याचे बंधन होते. मुदत संपत आली आणि मार्च २०१८ मध्ये नियमाचे शब्दच बदलले. ज्यातून ऊर्जा मिळत नाही किंवा ज्याचा पर्यायी उपयोग नाही, अशी भाषा त्यात घुसवण्यात आली. सिमेंटच्या भट्टीत जाळले तरी ऊर्जा मिळतेच. पुडी वाचली!

२०२२ मध्ये उत्पादकांच्या जबाबदारीची नवी चौकट आली. आता कंपनी प्रमाणपत्रे विकत घेऊन आपला वाटा पुरा झाल्याचे दाखवू शकते. त्या पैशातले वेचणाऱ्या हाताला काय मिळाले, हे प्रमाणपत्र सांगत नाही.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातून निघालेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम मिळवले. त्यातील बहुसंख्य स्त्रिया दलित समाजातील आहेत. जातीने लादलेले काम संघटनेच्या बळावर हक्काचे करता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. आवरण एकाच प्रकारच्या प्लास्टिकचे करा किंवा पुन्हा भरता येईल असे करा. ते होईपर्यंत भाव नसलेल्या प्रत्येक किलो पुड्यांची मजुरी कंपनीने वेचणाऱ्यांच्या संघटनेला द्यावी. पर्यावरणाच्या जाहिरातींवर खर्च करणाऱ्यांना एवढे निश्चितच परवडेल.