पिंपरीची माती आणि परदेशी निधी

संशोधनासाठी परदेशातून पैसा मिळवण्याचा विषय निघाला, की आपल्या सुशिक्षित समाजात दोन सूर ऐकू येतात. एक सूर याचकाचा असतो. बाहेरचा निधी मिळाला की आपल्या प्रयोगशाळांचे दैन्य आपोआप फिटेल, अशी त्याची भाबडी श्रद्धा असते. दुसरा सूर सोवळ्याचा असतो. परक्याचा पैसा म्हणजे परक्याचा हेतू, असे म्हणून तो दार लावून घेतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात गेल्या सत्तर वर्षांत जे घडले, त्याचा हिशेब मांडला तर हे दोन्ही सूर बेसूर ठरतात. तो हिशेब आज मांडण्याचे कारणही आहे. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आपल्या अनुदानातून परदेशी भागीदार संस्थांना वाटा देण्याची जुनी पद्धत थांबवली, आणि त्याच वर्षीच्या जुलैत अमेरिकेची परदेशी मदतीची प्रमुख यंत्रणा स्वतंत्र खाते म्हणून संपुष्टात आली. जगभरच्या अनेक प्रयोगशाळांचे चालू प्रकल्प त्यामुळे अडचणीत सापडले. दात्याच्या घरात वारे फिरले की याचकाच्या चुलीवरचे भांडे उतरते, ही गोष्ट काही नवी नव्हे. नवे एवढेच, की ती आपण डोळ्यांनी पाहिली.

पिंपरीचा इतिहास ह्या बाबतीत फार बोलका आहे. मुंबई-पुणे रस्त्यावरील ह्या गावाशेजारी मार्च १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. यंत्रसामग्रीसाठी युनिसेफचे आणि तज्ज्ञ व प्रशिक्षण यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेत उच्च पदावर गेलेले मेजर जनरल साहिबसिंग सोखी यांचा ह्या योजनेमागे आग्रह होता. त्या मदतीमागील कल्पना आज मुद्दाम आठवण्यासारखी आहे. कारखाना सार्वजनिक मालकीचा असावा आणि तेथील ज्ञान तिजोरीत बंद न राहता इतर देशांनाही खुले असावे, ही ती कल्पना होय. जगातल्या खासगी औषध कंपन्या आपली तंत्रविद्या गुप्ततेच्या अटींखाली विकत होत्या, त्या काळातली ही गोष्ट आहे.

परंतु पिंपरीचे खरे वैभव परदेशातून आलेल्या यंत्रांत नव्हते. त्या कारखान्याने स्वतःची संशोधन शाखा उभी केली आणि एम. जे. थिरुमलाचार यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी तेथे मातीतल्या सूक्ष्म जीवांचा शोध मांडला. पिंपरीच्याच मातीत सापडलेल्या एका जीवाणूपासून १९६० च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक मिळाले. त्या जीवाणूच्या शास्त्रीय नावात ‘पिंप्रिना’ हा शब्द आहे. एका मराठी गावाचे नाव जगाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात कोरले गेले, कारण बाहेरून आलेल्या मदतीला आतून विचारलेल्या प्रश्नाची जोड मिळाली. मदत नसती तर प्रयोगशाळा उभी राहिली नसती, हे खरे. परंतु प्रश्न नसता तर ती प्रयोगशाळा केवळ यंत्रांचे कोठार झाली असती, हे त्याहून खरे.

त्याच दशकात पुण्यात दुसरी एक संस्था जन्माला आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेची रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र काढले. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोग्याच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसे तापाने फणफणली, तेव्हा ह्याच केंद्राने क्यासनूर जंगलतापाचा विषाणू ओळखला. पुढे रॉकफेलरचा हात निघाला आणि संस्थेचा सारा भार भारतीय परिषदेने उचलला. १९७८ मध्ये ती राष्ट्रीय विषाणू संस्था झाली. ३० जानेवारी २०२० रोजी देशातील करोनाच्या पहिल्या रुग्णाचे निदान पक्के झाले, ते ह्याच संस्थेत.

ह्या दोन संस्थांचे पुढचे भाग्य मात्र सारखे नाही. विषाणू संस्था दाता गेल्यावरही वाढत राहिली, कारण तिच्या संशोधनाचा खर्च चालवण्याची जबाबदारी देशाने आपली मानली. पिंपरीचा कारखाना जुनी होत गेलेली यंत्रे, औषधांच्या किमतींवरील नियंत्रण आणि पुढे खुल्या आयातीची स्पर्धा यांच्या कात्रीत सापडला आणि १९९७ मध्ये त्याची गणना आजारी उद्योगांत झाली. कारखान्याच्या आजाराची कारणे अनेक असतील. परंतु धंदा तोट्यात गेला की संशोधनाची कोठी प्रथम रिकामी होते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. परदेशी निधी हे विरजण आहे. घरात दूध नसेल तर विरजणाने दही लागत नाही.

प्रश्न कोणी विचारायचा, ह्या मुद्द्याला पुण्यातीलच आणखी एका उदाहरणाने बळकटी येते. आफ्रिकेच्या सहारा-दक्षिण पट्ट्यातील देशांत मेंदूज्वराच्या साथी येत. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही संस्था यांनी गेट्स प्रतिष्ठानच्या पैशाने लस-प्रकल्प हाती घेतला. तेव्हा त्या देशांच्या आरोग्य अधिकाऱ्यांचे म्हणणे स्पष्ट होते: लस आम्हाला परवडली पाहिजे, नाही तर तिचा उपयोग नाही. म्हणजे किंमत आधी ठरली आणि लस नंतर घडली. अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतील तंत्र आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे उत्पादनकौशल्य यांचा मेळ घालून अर्ध्या डॉलरपेक्षा कमी किमतीची लस तयार झाली आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत तिची मोहीम सुरू झाली. पैसा आणि विद्या अमेरिकेची, हात पुण्याचे आणि प्रश्न आफ्रिकेचा. सहकार्य ह्या शब्दाला अर्थ येतो तो असा.

सहकार्याची याहून वरची पायरी म्हणजे आपल्या अंगणात जगाने यावे अशी स्थिती निर्माण करणे. चाकण ओलांडून नाशिकच्या वाटेने गेले की नारायणगावाजवळ खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकारली. तिचा वेळ देशोदेशींचे खगोलशास्त्रज्ञ अर्ज करून मागतात आणि तो गुणवत्तेच्या कसोटीवर दिला जातो. स्वतःची दुर्बीण होती म्हणूनच दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ ह्या प्रकल्पात भारत साडेबाराशे कोटी रुपयांचा वाटा उचलून मानाने दाखल झाला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथाजवळ व्हावयाच्या लायगो वेधशाळेला २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटींची मंजुरी मिळाली. तीत अमेरिकेकडून यावयाची उपकरणे आणि भारताची जागा, इमारत व माणसे असा वाटेकरीपणा आहे. ज्याच्याजवळ काही आहे त्याच्याशीच जग भागी करते. असतील शिते तर जमतील भुते, ही म्हण विज्ञानालाही लागू आहे.

आजच्या संधी कमी आहेत, असे कोणी म्हणू नये. १९८७ पासून भारत-फ्रान्स केंद्र दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांना मिळून प्रकल्प देत आहे. २०१० मध्ये स्थापन झालेल्या भारत-जर्मन विज्ञान-तंत्रज्ञान केंद्राची ‘दोन अधिक दोन’ ही योजना तर चाकणसाठीच आखली असावी, असे वाटते. दोन्ही देशांतून एकेक संशोधन संस्था व एकेक उद्योग मिळून अर्ज करतात आणि उद्योगाला आपल्या खिशातूनही वाटा घालावा लागतो. युरोपीय संघाच्या ‘होरायझन युरोप’ योजनेत २०२१ ते २०२७ ह्या सात वर्षांसाठी प्रारंभी साडेपंच्याण्णव अब्ज युरो ठरले होते. मात्र तिच्या बहुतेक प्रकल्पांत भारतीय संस्थेला सहभागी होता आले, तरी खर्चाचा पैसा आपोआप मिळत नाही. तो तिने घरून आणावा, अशी अपेक्षा असते. संधीचे दार उघडे आहे, पण उंबरठ्यावर ‘आपला वाटा आणला काय?’ असे विचारणारा द्वारपाल बसलेला आहे.

येथेच आपली लंगडी बाजू उघडी पडते. २०२०-२१ च्या सरकारी आकड्यांनुसार भारताचा संशोधनावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता. दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या घरात आहे. त्या तुटपुंज्या खर्चातही खासगी उद्योगांचा वाटा सुमारे छत्तीस टक्क्यांचाच होता. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान निघाले. त्याच्या पाच वर्षांच्या पन्नास हजार कोटींपैकी सुमारे छत्तीस हजार कोटी सरकारबाहेरून, म्हणजे मुख्यत्वे उद्योगांकडून व दानशूरांकडून यावेत, अशी योजना आहे. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने एक लाख कोटींच्या संशोधन निधीला मंजुरी दिली. परंतु तो मुख्यतः उद्योगांसाठी कर्जाच्या वा भांडवलाच्या रूपाने आहे. महाविद्यालयातील प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेला तो आधार नव्हे.

नियमांचे जाळे निराळेच. २०२२ मध्ये संशोधन संस्थांना उपकरणांवरील करात मिळणारी सवलत काढून घेण्यात आली. २०२४ मध्ये संशोधन अनुदानावरच वस्तू व सेवा कराच्या नोटिसा निघाल्या आणि गवगवा झाल्यावर त्याच वर्षी सप्टेंबरात अनुदान करमुक्त ठरले. परदेशी देणग्यांच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसरीला देण्यास मनाई केली. गैरवापर रोखण्याचा हेतू योग्य असेल. परंतु सहकारी संशोधनाचा प्राणच मुळी एकाने स्वीकारून चौघांनी वाटून घेण्यात असतो. विश्वस्त संस्थांनी चालवलेल्या महाविद्यालयांना ह्या नियमाची झळ विशेष लागते. संशोधनासाठी येणाऱ्या आणि लेखापरीक्षण झालेल्या निधीला ह्यातून वेगळी वाट काढून देणे शासनाला अशक्य नाही.

आता पुनावळ्याकडे वळू. काल-परवापर्यंत शेतीचे गाव असलेल्या ह्या भागात आज उंच इमारतींची रांग उभी आहे. तेथे राहणारे अनेकजण हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत आणि चाकणच्या वाहन कारखान्यांत काम करतात आणि जर्मनी-अमेरिकेतील सहकाऱ्यांशी रोज बोलतात. आजूबाजूला ताथवडे, रावेत, आकुर्डी येथे अभियांत्रिकी महाविद्यालयांची गर्दी आहे. ह्याच पुनावळ्यात कचरा डेपोसाठी राखून ठेवलेल्या जागेवरून २०२३ मध्ये रहिवाशांनी जोराचे आंदोलन केले आणि त्या वर्षाच्या अखेरीस नागपूरच्या अधिवेशनात तो प्रकल्प रद्द करण्याची घोषणा झाली. नागरिकांचा विरोध आम्ही अवाजवी मानत नाही. परंतु डेपो रद्द झाला म्हणजे कचरा रद्द झाला, असे नव्हे. तो मोशीच्या वाट्याला गेला. मोशीला कचऱ्यापासून चौदा मेगावॅट वीज निर्माण करणारा प्रकल्प २०२३ मध्येच सुरू झाला. तरीही आपल्या ओल्या-सुक्या मिश्र कचऱ्याला कोणती प्रक्रिया मानवते, पवना-इंद्रायणीच्या पाण्यात कारखान्यांचे काय उतरते, हे प्रश्न शिल्लकच आहेत. हे प्रश्न आंदोलनाचे आहेत तसेच संशोधनाचेही आहेत, आणि जगातील अनेक निधी नेमक्या अशाच प्रश्नांसाठी अर्ज मागवीत असतात.

मग अडते कोठे? आमच्या मते तीन ठिकाणी. पहिले, प्रश्न असलेला माणूस आणि प्रयोगशाळा असलेला माणूस एकमेकांना ओळखत नाहीत. दुसरे, अर्ज लिहिणे, हिशेब ठेवणे, करार वाचणे आणि पेटंटाच्या मालकीचे कलम तपासणे हे काम करणारी माणसे आपल्या महाविद्यालयांत नाहीत. प्राध्यापकाने वर्ग सांभाळून हे सारे करावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तिसरे, आपला वाटा म्हणून टेबलावर ठेवायला पैसा नाही. ह्यावरचे उपाय अवाढव्य नाहीत. महापालिकेने आपल्या अंदाजपत्रकातून एक छोटा पण कायमचा संशोधन-वाटा निधी काढावा. तो शहराच्या पाणी, हवा व कचरा यांच्या प्रश्नांपुरताच असावा, आणि शहराची मोजमापे संशोधकांना खुली करावीत. परिसरातील महाविद्यालयांनी मिळून एकच सामाईक अनुदान-कचेरी चालवावी. चाकण-भोसरीच्या उद्योगांनी सामाजिक दायित्वाचा काही अंश झाडे लावण्याच्या छायाचित्रांऐवजी ‘दोन अधिक दोन’मधील आपल्या वाट्यासाठी द्यावा. आणि केंद्र शासनाने मंजूर केलेला हप्ता मंजूर केलेल्या महिन्यातच पोचवावा. वेळेवर न मिळालेला पैसा परदेशी भागीदारासमोर आपली पत घालवतो, आणि पत ही कोणत्याही अनुदानापेक्षा महाग असते.

परक्याचा पैसा घेण्यात कमीपणा नाही. तो घेऊनही आपला प्रश्न हरवू न देण्यात शहाणपण आहे. ज्या पिंपरीच्या मातीने एकदा जगाला औषध दिले, तिच्या शेजारच्या गावांनी आज जगापुढे हात पसरू नये. आपला प्रश्न आणि आपला वाटा घेऊन बरोबरीने बसावे. ह्या दोन गोष्टींची तरतूद महापालिकेच्या पुढच्या अंदाजपत्रकात दिसते की नाही, यावर नागरिकांनी लक्ष ठेवावे. कचरा डेपो रद्द करून घेण्याइतका निर्धार त्यांनी दाखवला, तर ही मागणीही फार काळ टाळता येणार नाही.