घरातला जागल्या

जुन्या काळी गावोगावी जागल्या असे. गाव निजले की हाती काठी घेऊन तो रात्रभर फिरे. कोठे चोराची चाहूल लागली किंवा एखाद्या गंजीतून धूर निघताना दिसला, तर पहिली हाळी त्याचीच. आता आपल्यापैकी अनेकांचे वास्तव्य शहरांतील बहुमजली इमारतींत आहे. खाली फाटकाशी पहारेकरी असतो खरा. परंतु आपल्या बंद दाराआड काय धुमसते आहे, हे त्याला कसे कळावे? म्हणून या वेळी, घरातल्या घरात ठेवता येईल अशा एका जागल्याविषयी लिहावयाचे योजिले आहे.

दरवर्षी १४ ते २० एप्रिल या काळात देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागून प्रचंड स्फोट झाले. त्या दिवशी कर्तव्य बजावीत असता अग्निशमन दलाच्या ६६ जवानांना मृत्यू आला. त्यांचे स्मरण म्हणून हा सप्ताह. या निमित्ताने निघणाऱ्या इंग्रजी सूचनांचे मराठी करण्याचे काम आमच्या कचेरीत माझ्याकडे असते. ‘निजण्याच्या खोलीत धूरसूचक यंत्र बसवावे’ हे वाक्य मी कित्येक वेळा लिहिले, तपासले आणि छापावयास दिले. परंतु माझ्या स्वतःच्या घरी असे यंत्र नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. हिवाळ्यातील एका रात्री आमच्या बैठकीच्या खोलीत फ्रीजला जोडलेला स्टॅबिलायझर आतल्या आत धुमसू लागला. घरात आम्ही पाच माणसे, पाचही निजलेली. वडिलांचे अंथरूण तर त्याच खोलीत, जेमतेम सहा हातांवर होते. त्यांनाही जाग आली नाही. धाकटी मुलगी पाणी पिण्यासाठी उठली आणि “बाबा, घरात धुकं आलंय,” असे म्हणत मला हलवू लागली. मी मुख्य स्विच बंद केला आणि वडिलांना हाताला धरून बाहेर आणले. एक काळवंडलेली भिंत आणि चार दिवसांचा खोकला, एवढ्यावर निभावले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी विचारले, “अरे, इतका धूर झाला, मग मला वास कसा आला नाही?”

त्यांचा हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने विचारात घ्यावा असा आहे. जागेपणी आपले नाक तत्पर असते; शेजारच्या घरी दूध उतू गेले तरी आपणांस कळते. गाढ झोपेत मात्र नाकावर भरवसा ठेवता येत नाही. कान त्या मानाने जागे असतात. मोठा आवाज झाला तर माणूस दचकून उठतो, परंतु केवळ वासाने तो उठेलच असे नाही. शिवाय धुरामध्ये कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्टपणे चिकटतो, आणि निजलेला माणूस हळूहळू शुद्ध हरपतो. आगीत माणसे जळून मरतात अशी आपली समजूत असते. वस्तुतः पुष्कळ बळी ज्वाला पोहोचण्यापूर्वी धुरानेच घेतलेले असतात. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागून ५९ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांतील बहुतेकांचा प्राण गुदमरून गेला. आग खालच्या वाहनतळात होती. वर पोहोचला तो धूर.

तात्पर्य, निजलेल्या नाकाचे काम जाग्या कानाकडे सोपवावयाचे, एवढेच या यंत्राचे तत्त्व आहे. त्याच्या जन्माची कथाही मनोरंजक आहे. १९३०च्या दशकात वॉल्टर येगर हे स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे उपकरण तयार करीत होते. वायूचा काही सुगावा लागेना. कंटाळून त्यांनी सिगारेट पेटविली, आणि तिच्या धुराने उपकरणाचा काटा हलला! आज घरांत बसविण्यास सोयीचा असा जो प्रकार मिळतो, त्याच्या पोटात एक लहानशी अंधारी कोठडी असते. तीत प्रकाशाचा झोत सोडलेला असतो. धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो, तो संवेदकावर पडतो आणि कर्कश भोंगा वाजू लागतो. बशीएवढ्या आकाराचे हे यंत्र विजेच्या जोडणीवाचून बॅटरीवरही चालते. दोन स्क्रूंनी ते बसते, म्हणून भाड्याच्या घरातही अडचण येऊ नये.

यंत्र छतावर बसवावे, कारण धूर प्रथम वर चढतो. निजण्याच्या खोल्यांत आणि त्यांना जोडणाऱ्या वाटेत त्याची जागा असावी. भिंत व छत मिळतात तो अगदी कोपरा टाळावा, तसेच पंख्याचा झोत टाळावा. स्वयंपाकघर, देवघरातील उदबत्ती आणि डासांची अगरबत्ती यांपासूनही ते दूर ठेवावे. नाही तर फोडणी पडताच भोंगा वाजू लागेल, आणि त्रासून कोणीतरी बॅटरी काढून ठेवील. अमेरिकेत अशी यंत्रे घरोघरी आहेत. चालू यंत्र असलेल्या घरांत, आग लागलीच तर मृत्यूचे प्रमाण इतर घरांच्या निम्म्याहूनही कमी आढळते. आणि जी यंत्रे ऐन वेळी मुकी राहिली, त्यांचे प्रमुख कारण एकच: बॅटरी काढलेली किंवा संपलेली. म्हणून महिन्यातून एकदा, पहिल्या तारखेला म्हणा, कळ दाबून आवाज तपासावा. साचलेली धूळ पुसावी आणि दहा वर्षांनी यंत्र बदलावे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे यंत्र धूर ओळखते, स्वयंपाकाचा गॅस नव्हे. तो वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. त्याचा वास आल्यास विजेचे कोणतेही बटण लावू वा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्या, घराबाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

जागल्याने हाळी दिली तरी बाहेर पडण्याची वाट मोकळी हवी. आपल्या घरांत नेमकी येथेच चूक होते. चोराच्या भीतीने आपण खिडक्यांना लोखंडी गज बसवितो, जाळीच्या दाराला आतून कुलूप घालतो, आणि किल्ली कपाटात किंवा उशीखाली असते. धुराच्या काळोखात ती कोणाला सापडणार? सुटकेसाठी हाती फार तर दोन-तीन मिनिटे असतात. म्हणून किल्लीसाठी दाराजवळ, बाहेरून हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी, एक खिळा ठोकावा आणि ती तेथेच असते हे घरातील लहानथोरांस ठाऊक असावे. लहान मुले भोंग्यानेही जागी होत नाहीत असा अनुभव आहे. वृद्धांना ऐकू कमी येते. त्यांना कोणी उठवावयाचे हे आधीच ठरलेले असावे.

धूर दाटला असेल तर रांगत जावे, कारण स्वच्छ हवा खाली असते. दार उघडण्यापूर्वी हाताची मागची बाजू त्याला लावून पाहावी. ते तापलेले असेल तर उघडू नये. बाहेर पडताना मागील दार ओढून घ्यावे, लिफ्टचा उपयोग करू नये, आणि बाहेर पोहोचल्यावर १०१ किंवा ११२ या क्रमांकावर खबर द्यावी. दागिने, कागदपत्रे, पैसे यांसाठी कोणीही पुन्हा आत जाऊ नये.

‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असे आपण थट्टेने म्हणतो. परंतु अग्निशमन दलाचे जवान कितीही तत्पर असले, तरी पहिली काही मिनिटे त्यांची नसून आपली असतात.

आमच्या घरी आता दोन यंत्रे आहेत. महिन्याच्या पहिल्या तारखेस कळ दाबण्याचा मान धाकट्या मुलीचा. ती स्टुलावर चढते, आजोबा स्टूल धरतात, आणि भोंगा वाजला की दोघेही कानांवर हात ठेवतात. आपणांसही यंत्र आणण्यास चार दिवस लागतील. तोवर, वाचकहो, आज रात्री निजण्यापूर्वी किल्लीची जागा तेवढी ठरवून ठेवावी.