वाट चुकलेला सुळा

दातांच्या नावावर मराठीने पुष्कळ उद्योग मांडले आहेत. आपण दातओठ खातो, दात विचकतो, सांगून सांगून दातांच्या कण्या करतो. मास्तरकीत हे शेवटचे तर रोजचेच. पण एक दात शेजारच्या दाताला खातो, हे वीस वर्षे वाक्प्रचार शिकवूनही मला ठाऊक नव्हते. ते कळले श्रीरामपूरच्या भाचीमुळे.

पोर तेरा वर्षांची. वरचा डावा दुधाचा सुळा अजून घट्ट, आणि घरात त्याचे कौतुक. दंतवैद्याकडे नेले ते किडक्या दाढेसाठी. क्ष-किरणाच्या चित्रात पक्का सुळा टाळूच्या बाजूला तिरपा रुतलेला दिसला आणि त्याच्या टोकाशी पटाशीच्या बाजूच्या दाताचे मूळ झिजलेले. ठणका नाही, सूज नाही. यातली वाईट गोष्ट तीच.

पक्का दात पुढे सरकतो तशी त्याच्या वाटेतल्या दुधाच्या दाताचे मूळ विरघळत जाते, म्हणून तो दात पडतो. सुळा वाट चुकला की दुधाचा दात शाबूत राहतो आणि हीच झीज शेजाऱ्याच्या वाट्याला येते. वरचा सुळा जन्मतो नाकाच्या बाजूला, उंचावर; उतरायला अकरा-बारा वर्षे घेतो. उतरताना बाजूच्या पटाशीच्या दाताचे मूळ त्याला वाट दाखवते असे मानतात. तो दात खुजा असेल किंवा मुळातच नसेल तर सुळा भरकटण्याचा संभव वाढतो. मुलींमध्ये हा प्रकार अधिक.

भरकटलेला प्रत्येक सुळा नासधूस करतोच असे नाही. स्वीडनच्या एरिक्सन आणि क्युरोल यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अशा सुळ्यांशेजारच्या बाजूच्या पटाशीच्या दातांपैकी ३८ टक्के झिजलेले आढळले. सुळ्याचे टोक जितके मधल्या दातांकडे सरकलेले, तो जितका तिरपा आणि शेजारच्या मुळाला जितका भिडलेला, तितका धोका मोठा. सुळ्याभोवतीच्या फुगलेल्या पिशवीवर पूर्वी आळ होता. पुढच्या तपासात ती निर्दोष ठरली.

उपाय वेळेवर केला तर फार साधा आहे: दुधाचा सुळा काढून टाकणे. याच दोघांनी १९८८ साली दहा ते तेरा वर्षांच्या मुलांचे ४६ सुळे तपासले. दुधाचा दात काढल्यावर त्यांतले ३६ आपणहून सरळ वाटेला लागले. मात्र सुळ्याचे टोक शेजारच्या मुळाच्या मध्यापलीकडे गेले असेल, तर यशाचे प्रमाण ९१ टक्क्यांवरून ६४ वर येते. भाचीची ती वेळ टळून गेली होती. तिचा सुळा हिरडी उघडून, तारेने ओढून आणावा लागला. सुळा दूर झाला की झीज बहुधा थांबते. गेलेले मूळ मात्र परत येत नाही.

दुधाचा दात काढायचा म्हटल्यावर बहिणीच्या सासूबाईंनी आक्षेप घेतला, ‘वरचा दात काढला की डोळे जातात.’ हा समज शिकलेल्या घरांतही भेटतो. इंग्रज तर सुळ्याला ‘आय टूथ’ म्हणतात, म्हणजे त्यांचीही आजी काही वेगळी नसावी. वास्तविक दृष्टीची मज्जातंतू निराळी, दातांची निराळी. सासूबाईंना हे पटले की नाही सांगता येत नाही, पण त्या गप्प बसल्या.

मूल नऊ-दहा वर्षांचे झाले की दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाच्या आतून हिरडीवर बोट फिरवावे. दोन्ही बाजूंना फुगवटा लागला तर ठीक. दहाव्या-अकराव्या वर्षीही एकाच बाजूला लागला किंवा कुठेच लागला नाही, तर दंतवैद्याला दाखवून गरज पडल्यास चित्र काढून घ्यावे. आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरात, लोणीला आणि संगमनेरला दंत महाविद्यालये आहेत. त्यासाठी पुण्या-मुंबईची गाडी धरायला नको. दिवाळीच्या सुटीत पोरे घरीच असतात. फक्त बोट फराळाआधी फिरवावे, नंतर पोरे तोंड उघडत नाहीत.