गॅरेजमधून : नळीवर एक नाव, पोटात दुसरीच रायफल

मंडळी, मागच्या अंकात आम्ही गवत कापायच्या यंत्राच्या कार्ब्युरेटरबद्दल लिहिलं होतं. ते वाचून एका सभासदांचा फोन आला. "अहो, यंत्र राहू द्या. आमच्या शेजारच्या आजोबांनी वृद्धाश्रमात जाताना एक जुनी रायफल दिली आहे. काडतूस अडकतं तिच्यात. बघता का जरा?"

शनिवारी ते ती घेऊन आले. चहा व्हायच्या आत आम्ही विचारलं, "रिकामी आहे ना?" ते म्हणाले, "अगदी रिकामी. मीच बघितलं." नळीखालची मॅगझिनची बारीक नळी आम्ही पूर्ण बाहेर काढली, तोंड जमिनीकडे धरून बोल्ट चार-पाच वेळा ओढला. चौथ्या वेळी एक काडतूस टपकन चटईवर पडलं. दोघंही काही क्षण बोललो नाही. अशा रायफलीत शेवटचं काडतूस आतल्या घशात रेंगाळतं, ते बाहेरून दिसत नाही.

रायफल होती पॉइंट बावीसची, स्वयंभरणाची. म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी, आणि पुढचं काडतूस आपोआप वर येतं. या बोराच्या काडतुसाला मध्ये टोपी नसते. बुडाच्या कडेवर आघात झाला की ते उडतं, म्हणून 'रिमफायर'. खेड्यापाड्यांतून भाजीचा मळा खाणाऱ्या ग्राउंडहॉगसाठी अशा रायफली घरोघर असत. नळीवर नाव होतं 'रेव्हलेशन, मॉडेल १२०'.

आता ही रेव्हलेशन कंपनी शोधायला जाल तर सापडणार नाही, कारण अशी कारखानदार कंपनी नव्हतीच. वेस्टर्न ऑटो या दुकानांच्या साखळीचा तो छाप. सिअर्स, माँटगोमेरी वॉर्ड यांचेही असेच छाप होते. एकाच गिरणीचं कापड वेगवेगळ्या दुकानांच्या शिक्क्यांनी विकावं तसा प्रकार. मॉडेल १२० ही खरी मार्लिनची मॉडेल ६०. सिअर्सची '३ टी' ही विंचेस्टरची १९०. पण 'रेव्हलेशन म्हणजे मार्लिन' असंही धरू नका. त्याच नावाखाली मॉसबर्ग आणि सॅव्हेजनेही माल पुरवला आहे. जुने भाग विकणाऱ्या न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूमरिककडे दुकानाचा छाप आणि मूळ कारखान्याचं मॉडेल यांची जुळणी देणारी यादी आहे. आधी ती पाहावी.

आम्ही ती पाहिली, आणि तरीही चुकलो. मॅगझिनमधून आलेलं काडतूस ज्या घशातून नळीत जातं तो भाग झिजला होता. 'मार्लिन ६०' म्हणून मागवला, आला, आणि बसेना! आमच्या लक्षात आलं नव्हतं की मॉडेल ६० १९६० साली निघाली आणि पुढे कित्येक दशकं बनत राहिली, एक कोटीच्या वर. एवढ्या काळात आतली रचना तशीच कशी राहील? हा घसाच एकाहून अधिक वेळा बदलला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर शेवटच्या गोळीनंतर बोल्ट उघडा राहण्याची सोय आली, तेव्हा आतले बरेच भाग बदलले. मॅगझिन आधी १८ काडतुसांचं होतं, पुढे १४ चं झालं, म्हणून आतली नळीसुद्धा या रायफलीची त्या रायफलीला होत नाही. स्वस्त 'ग्लेनफील्ड' छापाची, दस्त्यावर खार कोरलेली रायफल याच घराण्यातली. तिलाही हेच नियम लागू.

म्हणून नावाआधी साल. १९७३ च्या सुमारापासून मार्लिनच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे १०० मधून वजा केले की साल मिळतं. २५ असेल तर १९७५. आमच्या पाहुणीवर क्रमांकच नव्हता. घाबरू नका, १९६८ च्या कायद्याआधी अशा रायफलींवर क्रमांक घालणं सक्तीचं नव्हतं. मात्र असलेला क्रमांक खरवडलेला दिसला, तर वस्तू घरात न ठेवता वकिलाला विचारा. क्रमांक नाही म्हणजे रायफल जुन्या प्रकारची, एवढा बोध झाला. कानशीने घासून नवा भाग बसवायचा मोह आम्हाला झाला होता, खोटं का बोला. पण काडतूस अर्धवट आत असताना उडालं तर फुटकं पितळ तोंडाकडे येतं. भाग परत केला आणि जुना भाग शेजारी ठेवून, मोजून, दुसरा मागवला. मागचा प्लास्टिकचा बफर पिवळा पडून चुरा झाला होता, तोही बदलला.

याच्या उलट रुगरची १०/२२. १९६४ पासून तिचं दहा काडतुसांचं फिरतं मॅगझिन तेच आहे. जुन्याला नवं चालतं. नळी दोन स्क्रूंवर निघते. चापाची पेटी २००८ च्या सुमारास धातूची जाऊन प्लास्टिकची आली, तीही जुन्यात बसते. पहिल्यांदाच घेणार असाल तर आमचं मत हिच्याच बाजूला. रेमिंग्टनची नायलॉन ६६ दिसायला मजेदार, पण एकदा खोलली की पुन्हा जुळवताना घाम फुटतो.

एका गोष्टीत मात्र सुट्या भागांपेक्षा मोठा धोका आहे. विंचेस्टरची १९०३ ची रायफल 'पॉइंट बावीस' असली तरी तिचं काडतूस वेगळं, थोडं जाड. आजचं लाँग रायफल काडतूस तिच्यात ढिलं बसतं आणि फुटू शकतं. तिचीच बहीण मॉडेल ६३ (१९३३) मात्र लाँग रायफलची. दोघी शेजारी ठेवल्या तर सहज गल्लत होईल. नळीवरची अक्षरं वाचल्याशिवाय काडतूस घालू नये.

जाता जाता आम्ही विचारलं, "ठेवता कुठे?" म्हणाले, "तळघरात, दाराआड." तिथे त्यांचा भाचा राहतो, विद्यार्थी व्हिसावर. मंडळी, १९९८ च्या दुरुस्तीपासून या देशाच्या कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असल्यास सूट आहे, तीही वकिलाला विचारूनच गृहीत धरा. एच-१बी वाल्यांनाही हेच, आणि भेटीला आलेल्या आईवडिलांनाही. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही बंदी नाही, पण राज्याराज्याचे नियम वेगळे. आणि गावाकडच्या बंदुकीसाठी सामानातून एखादा सुटा भाग नेऊ म्हणाल तर भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटा भागही शस्त्रच.

भाच्याचं प्रकरण त्यांना ठाऊकच नव्हतं. दुसरा भाग येईपर्यंत रायफल त्यांच्याच शयनगृहात, कुलपाच्या लोखंडी पेटीत गेली. किल्ली दोघा नवराबायकोंकडेच. भाग पंधरा दिवसांनी आला आणि बसला. मैदानावर पन्नास गोळ्या झाडल्या, एकही अडकली नाही. चटईवर पडलेलं ते काडतूस अजून आमच्याकडेच आहे, ते मैदानावरच्या निकामी काडतुसांच्या डब्यात टाकायचं राहिलं आहे.

पुढच्या अंकात बर्फ उपसायचं यंत्र.