कोरी पाटी कोणाची?

नव्या उपचाराची परीक्षा करताना बेझप्रणीत संख्याशास्त्र पूर्वमतही हिशेबात घेते. एवढ्यावरून त्याला ‘व्यक्तिनिष्ठ’ म्हणणारे आम्हांस पटत नाहीत. कोरी पाटी कोणाची असते? समीक्षकाची तरी? फायझरच्या करोना-लशीच्या चाचणीत (२०२०) परिणामकारकता सुमारे ३० टक्केच, असे साशंक पूर्वमत आधीच लिहून ठेवले होते. १७० रुग्णांत लस घेतलेले अवघे ८ निघाले. ते मत मोडले. गावातली बाई आजारी नवजाताला वाचवू शकणार नाही, हे पूर्वमत मात्र कोणी कागदावर मांडले नव्हते. मग ते मोडणार कसे? आमच्या बीबीपासून विदर्भाच्या पार दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, बंग दांपत्याने अशा बायांना शिकवले. नवजात-मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. घरोघरच्या नवजात-सेवेचा देशव्यापी कार्यक्रम यायला २०११ उजाडले.