मुक्तीच्या दुसऱ्या दिवशी

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकी सज्जनांना अर्पण केली, त्यांच्याविषयी आपल्या वर्गांतून दरवर्षी दोनच वाक्ये बोलली जातात. अमेरिकेने गुलामांना मुक्त केले. जोतीरावांनी त्या कार्याला वंदन केले. एवढ्यात तासाची घंटा होते. त्याच १८७३ च्या एप्रिलमध्ये लुइझियानातील कोलफॅक्स या गावी, वादग्रस्त निवडणुकीनंतर कचेरीचे रक्षण करीत असलेल्या कृष्णवर्णीय नागरिकांवर सशस्त्र गोऱ्यांनी हल्ला केला आणि डझनांनी माणसे मारली, हे कोणी सांगत नाही. १८६५ ची घटनादुरुस्ती गुलामी संपवते, १८६८ ची नागरिकत्व देते, १८७० ची मताधिकार देते. आणि १८७७ मध्ये राजकीय तडजोड होऊन दक्षिणेतील राज्य सरकारांच्या पाठीशी असलेले संघीय सैन्य मागे घेतले जाते. पुढे मताचा हक्क खऱ्या अर्थाने हाती यायला १९६५ चा कायदा व्हावा लागला. मुक्ती आणि समता यांच्यामध्ये शंभर वर्षे गेली. अर्पणपत्रिका शिकवताना आपण ही शंभर वर्षे गाळतो.

यात जोतीरावांकडे कसलाही उणेपणा येत नाही. त्यांनी आपल्या देशबांधवांपुढे उदाहरण ठेवले होते. उदाहरणाचे पुढे काय झाले, हे तपासण्याचे काम त्यांच्या वाचकांचे, म्हणजे आपले होते. ते आपण केले नाही. आमचा आक्षेप मात्र अमेरिकेच्या इतिहासापुरता नाही. मुक्तीच्या दिवशी गोष्ट संपवण्याची हीच सवय आपण घरच्या इतिहासालाही लावली आहे, आणि त्याची किंमत रेणापूरसारख्या गावातून वर्गात येऊन बसणारा विद्यार्थी मोजतो आहे.

१७ सप्टेंबर १९४८. मराठवाड्यातील जुनी माणसे कालगणना या तारखेवरून करीत. ‘ॲक्शनच्या आधी’ आणि ‘ॲक्शनच्या नंतर’. निजामाच्या राजवटीत मातृभाषेतून शिक्षणाची झालेली कोंडी, सभा-संघटनांवरील बंधने, रझाकारांचे अत्याचार, स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तुरुंगवास, हे सारे खरे आहे आणि वंदनीयही आहे. हा लढा फसवा होता असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. झेंडा चढल्यानंतर जे सुरू झाले, त्याला आपल्या मुक्तिसंग्रामाच्या साहित्यात आणि २०२२-२३ च्या अमृतमहोत्सवी लेखनात जवळजवळ जागा नाही.

काय सुरू झाले? पहिली गोष्ट बोलायला अवघड आहे, म्हणून आधी बोलू. ॲक्शननंतरच्या आठवड्यांत निरपराध मुसलमानांची मोठ्या प्रमाणावर कत्तल झाली. नेहरूंच्या सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभरातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तेव्हाचा उस्मानाबाद आणि नांदेड हे दोन होते. कासिम रझवी लातूरचा वकील. त्याच्या पापाची फेड लातूरच्या कच्छी व्यापाऱ्यांनी आणि विणकर-मजुरांनी का करावी, हा प्रश्न आपल्या किती कथा-कादंबऱ्यांनी विचारला? अहवाल कित्येक दशके दप्तरात पडून राहिला. ‘आता जखमा कशाला उकरता’ असे विचारणारे मित्र भेटतात. रझाकारांच्या जखमा दरवर्षी सप्टेंबरात उकरल्या जातात, तेव्हा हे मित्र व्यासपीठावर असतात. जखम कोणाची, यावर उकरण्याचा शिष्टाचार ठरत असेल तर त्याला इतिहास म्हणू नये.

दुसरी गोष्ट जमिनीची. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला. हे मोठेच काम होते, आणि त्यामागे काँग्रेसमधील स्वामीजींच्या गटाचा आग्रह होता हेही नोंदवले पाहिजे. पण कूळकायदा कुळाला जमीन देतो. ज्याचे नाव कूळ म्हणूनही कागदावर नव्हते, त्या सालगड्याला, येसकराला, वेठीने राबणाऱ्याला तो काय देणार? अमेरिकेतही १८६५ च्या आरंभी मुक्त गुलामांसाठी जमीन राखण्याचा हुकूम निघाला आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तो फिरवला. मोकळा झालेला माणूस पुन्हा त्याच मालकाच्या शेतावर बटईने राबू लागला. आपल्याकडे पाडव्याला सालगड्याचे नवे साल ठरते, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायकोचा ‘कोयता’ साखर कारखान्यावर जातो. वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ चा आहे. उचलीच्या व्यवहाराला तो कुठवर पोचला, हे जानेवारीत आपल्या वर्गातील रिकाम्या बाकांना विचारावे.

तिसरी गोष्ट नावाची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. निजामी मराठवाड्यात ज्यांना अक्षर नाकारले गेले, त्यांच्यासाठी ही राष्ट्रउभारणीची पहिली वीट होती असे आम्ही मानतो. पुढे ‘मिलिंद’ या नावाने ओळखल्या गेलेल्या याच परिसरातून लिहिणारी पिढी निघाली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. घरे जळाली, माणसे गाव सोडून गेली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे ४ ऑगस्टला मारले गेले. विद्यापीठाच्या पाटीसाठी विद्यापीठ कधी न पाहिलेल्या माणसांच्या झोपड्या का जाळाव्या लागल्या? कारण प्रश्न पाटीचा नव्हताच. गावकीची कामे नाकारणारा, पोराला शाळेत घालणारा, गायरानाचा तुकडा कसणारा माणूस डोळ्यांत सलत होता. ठराव हे निमित्त झाले. हक्क कागदावरून गल्लीत उतरू लागताच गल्ली चवताळते. कोलफॅक्समध्ये हेच घडले होते.

या काळात मुक्तिसंग्रामातील किती मोठी माणसे नामांतराच्या विरोधात उभी राहिली, हे मराठवाड्यातील वाचकाला सांगायला नको. त्यांना खलनायक ठरवून प्रश्न सुटत नाही. ती तुरुंगात गेलेली, प्रामाणिक माणसे होती. म्हणूनच प्रश्न जड आहे. ज्यांनी ‘मराठवाडा’ या नावासाठी सर्वस्व दिले, त्यांना त्या नावात गावाबाहेरचा मराठवाडा दिसला नाही. साहित्याच्या अभ्यासकाने थांबावे ते इथे. पण आपण इथून घाईने पुढे सरकतो.

नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामांतर नव्हे, नामविस्तार झाला. आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन होऊन नांदेड, लातूर, परभणीकडची महाविद्यालये तिकडे गेली. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर मिळालेले नाव या भागातील महाविद्यालयांवर जेमतेम आठ महिने राहिले. स्वामीजींच्या नावाबद्दल आमच्या मनात आदरच आहे, आणि विद्यार्थ्यांची सोय झाली हेही खरे. पण एका महापुरुषाच्या नावाला दुसऱ्याचे नाव उतारा म्हणून वापरले गेले, अशी भावना गावोगाव आहे, आणि ती केवळ योगायोग म्हणून झटकता येणार नाही.

‘जात आणि गुलामी यांची तुलना होत नाही’ हा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. तंतोतंत होत नाहीच. पण बाबासाहेबांनी ती तुलना केली आणि १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्रही लिहिले. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव तिकडूनच घेतले. आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिणारे डॉ. जनार्दन वाघमारे लातूरचे, नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. तुलनेचे साहित्य घरात असताना आपण ती परकी ठरवतो, हे नवलच.

आता अभ्यासक्रमाकडे. आपल्याकडे मुक्तिसंग्रामाचे साहित्य एका कप्प्यात, दलित साहित्य दुसऱ्या कप्प्यात शिकवले जाते. पहिल्यात ‘प्रदेश’, दुसऱ्यात ‘प्रवाह’. पहिला १९४८ ला संपतो, दुसरा साठच्या दशकात जणू आभाळातून पडतो. मधल्या वर्षांत जहागिरी कशा गेल्या, सालगडी कुठे राहिला, मोमीनपुऱ्यातील घरे का ओस पडली, मिलिंदमध्ये कोण शिकले, हे विद्यार्थ्याला कळत नाही. मग त्याला वाटते की मुक्ती ही एका समाजाची आठवण आहे आणि वेदना ही दुसऱ्याची तक्रार. दोन्ही समाजांची मुले शेजारी बसून आपापले टिपण उतरवून घेतात.

दोन्ही कप्प्यांतील पुस्तके एकाच सत्रात, काळाच्या क्रमाने वाचायला लावली, स्वामीजींच्या आठवणींनंतर लगेच नामांतराच्या काळातील लेखन हाती दिले, आणि ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका १८७७ सह शिकवली, तर कुठल्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागणार नाही. अभ्यासमंडळांवर बसतात ते आपणच, आणि वर्गाचे दार लावून घेतल्यावर तास कसा घ्यायचा हे तर तसेही कोणी विचारत नाही.